प्रज्ञाचक्षू हेलन केलर आणि वाणीचे दान

श्रीमद्भगवद्गीतेचा नित्य पाठ करणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या ध्यानात एक गोष्ट सहसा येत नाही. गीता श्रीभगवंतांनी अर्जुनास सांगितली, हे सर्वविदित आहे. परंतु ती आपणांपर्यंत ज्या रूपाने आली, ते रूप एका अंध श्रोत्यापुढे झालेल्या निवेदनाचे आहे. आरंभीचा प्रश्न धृतराष्ट्राचा आहे आणि अखेरचा उद्गार संजयाचा. व्यासमहर्षींनी धृतराष्ट्रास दृष्टी देऊ केली होती. परंतु स्वकुलाचा संहार डोळ्यांनी पाहण्याची इच्छा नसल्यामुळे त्याने ती नाकारली. तेव्हा ती दिव्यदृष्टी संजयास लाभली आणि त्याने जे पाहिले व ऐकले ते, राजाला प्रिय असो वा अप्रिय असो, यथार्थ सांगितले. ज्याला दिसते त्याने ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी आपली वाणी झिजवावी, हा धर्म अशा रीतीने गीताग्रंथाच्या पहिल्या श्लोकापासूनच आपल्यासमोर उभा आहे.

हाच धर्म ज्यांच्या जीवनाला आधारभूत झाला आणि पुढे ज्यांनी तो असंख्य अंधांच्या घरी पोहोचविण्यास हातभार लावला, त्या हेलन केलर यांचे चरित्र येथे सांगावयाचे आहे. त्या परदेशीय व परधर्मीय होत्या. पण निष्काम कर्माचे उदाहरण कोठेही आढळले तरी ते गीताभक्ताला आपलेच वाटले पाहिजे.

हेलन केलर यांचा जन्म २७ जून १८८० रोजी अमेरिकेच्या दक्षिण भागातील अलाबामा राज्यात टस्कंबिया नावाच्या लहानशा गावी झाला. वडील आर्थर केलर हे पूर्वी सैन्यात अधिकारी होते व पुढे वृत्तपत्राचे संपादक झाले. मातेचे नाव केट. मूल सुदृढ होते आणि एक-दोन शब्द बोलूही लागले होते. परंतु १८८२ च्या फेब्रुवारीत, वयाच्या एकोणिसाव्या महिन्यात, त्याला तीव्र ज्वर आला. ज्वर उतरला, प्राण वाचले. पण डोळ्यांची दृष्टी आणि कानांचे श्रवण ही दोन्ही कायमची गेली. जे ऐकू येत नाही ते बोलताही येत नाही, म्हणून वाणीही गेली. ज्ञानाची मुख्य द्वारे अशी एकाच वेळी बंद झाली.

त्यानंतरची पाच वर्षे त्या बालिकेने अंधारात व निःशब्दतेत काढली. आपणांस काय हवे ते खुणांनी सांगण्याचा ती प्रयत्न करी. कोणास ते समजले नाही, की संतापाने वस्तू फेकी, जमिनीवर लोळे. हिला शिक्षण देता येणार नाही, असे आप्तेष्टांना वाटू लागले होते. आईने मात्र आशा सोडली नाही. बॉस्टन शहरातील पर्किन्स संस्थेत लॉरा ब्रिजमन नावाच्या एका अंध व बधिर मुलीस शिक्षण मिळाल्याचे तिच्या वाचनात आले होते. १८८६ साली आईवडिलांनी टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांची भेट घेतली. बेल हे बधिरांच्या शिक्षणातही जाणकार होते. त्यांनी त्याच पर्किन्स संस्थेकडे लिहिण्यास सुचविले, आणि ३ मार्च १८८७ रोजी त्या संस्थेतून वीस वर्षांची एक शिक्षिका टस्कंबियाला आली. तिचे नाव ॲन सलिव्हन.

या शिक्षिकेची कथाही येथे थोडी सांगितली पाहिजे. कारण तिच्यावाचून हेलन यांचे चरित्र पुरे होत नाही. आयर्लंडहून आलेल्या एका अत्यंत दरिद्री कुटुंबात ती जन्मली. लहानपणीच खुपऱ्यांच्या विकाराने तिची दृष्टी अधू झाली. आई वारली, धाकट्या भावासह तिला ट्यूक्सबरी येथील सरकारी दरिद्राश्रमात धाडण्यात आले आणि तेथेच तो भाऊही मरण पावला. त्या भयाण जागी ती इतरांकडून पुस्तके वाचून घेई. अंधांसाठी शाळा असते असे तिच्या कानी आले, आणि पाहणीसाठी अधिकारी आले असता तिने धावत जाऊन आपणांस शाळेत पाठवावे, अशी विनवणी केली. १८८० साली, चौदाव्या वर्षी, ती पर्किन्स संस्थेत आली, तेव्हा तिला अक्षरओळखही नव्हती. पुढे शस्त्रक्रियांनी तिला वाचण्याइतपत दृष्टी आली आणि १८८६ साली ती आपल्या वर्गात अग्रस्थानी राहून उत्तीर्ण झाली. दुसऱ्याने वाचून दाखविलेल्या एका पानाचे मोल काय असते, हे तिला पुस्तकावाचून समजले होते.

ॲन सलिव्हन यांनी हेलनच्या तळहातावर बोटांच्या ठराविक मुद्रांनी एकेक अक्षर लिहावयास आरंभ केला. कित्येक आठवडे मुलगी त्या मुद्रांचे अनुकरण करी. पण त्यांना काही अर्थ आहे, हे तिला कळत नव्हते. ५ एप्रिल १८८७ रोजी पाण्याच्या पंपापाशी शिक्षिकेने तिचा एक हात वाहत्या पाण्याखाली धरला आणि दुसऱ्या हातावर पाणी या अर्थाचा शब्द पुन्हा पुन्हा लिहिला. त्या क्षणी त्या बालिकेच्या अंतःकरणात प्रकाश पडला. प्रत्येक वस्तूला नाव आहे, आणि नावाच्या द्वारे वस्तू मनात धरता येते, हे तिला उमगले. नाम आणि रूप यांच्या संबंधाचा विचार आपल्या शास्त्रकारांनी पिढ्यान्‌पिढ्या केला. तो संबंध एका सहा वर्षांच्या मुलीच्या तळहातावर अशा रीतीने प्रत्यक्ष झाला.

यापुढे तिची प्रगती विस्मयकारक झाली. उठावाच्या अक्षरांची पुस्तके ती बोटांनी वाचू लागली. १८९० पासून तिने बोलण्याचाही अभ्यास केला. परंतु स्वतःचा शब्द कधी ऐकू न आल्यामुळे तिचा उच्चार जन्मभर सदोष राहिला, याची खंत तिने बाळगली. १९०० साली तिने रॅडक्लिफ या स्त्रियांच्या महाविद्यालयात प्रवेश मिळविला.

आमच्या विषयाच्या दृष्टीने त्या चार वर्षांचा वृत्तांत फार महत्त्वाचा आहे. अभ्यासक्रमातील थोडीच पुस्तके स्पर्शलिपीत उपलब्ध होती. उरलेला प्रत्येक ग्रंथ ॲन सलिव्हन यांना स्वतःच्या दुबळ्या डोळ्यांनी वाचून अक्षराअक्षराने हेलन यांच्या हातावर लिहावा लागे. वर्गात अध्यापकांचे व्याख्यान चाले, तेव्हाही हेच काम. दिवसाकाठी चार-चार, पाच-पाच तास हे वाचन चालते, हे नेत्रवैद्याला कळले तेव्हा तो हादरून गेला. अशाने बाईंचे डोळे निकामी होतील, असे त्याने बजावले. हेलन यांचे मन या विचाराने विदीर्ण होई. एखादा उतारा पुन्हा वाचू का, असे शिक्षिकेने विचारले, तर तो विसरला असतानाही स्मरणात आहे असे त्या खोटेच सांगत. एकीच्या विद्येसाठी दुसरीची दृष्टी खर्च होत होती, आणि ते दोघींनाही ठाऊक होते. त्या बोटांच्या मुद्रा शिकून घेणारे महाविद्यालयात फारच थोडे निघाले. अशा स्थितीत १९०४ साली हेलन केलर सन्मानाने पदवीधर झाल्या. अंध व बधिर असलेल्या व्यक्तीने अशी पदवी मिळविल्याचे हे पहिलेच उदाहरण होते.

वाचकांनी येथे क्षणभर थांबून विचार करावा. आणखी चार जणांनी त्या मुद्रा शिकून रोज एकेक तास दिला असता, तर तो भार किती हलका झाला असता! अंध विद्यार्थ्याच्या मार्गातील अडचण पुष्कळदा बुद्धीची नसते. वाचून दाखविणारा माणूस वेळेवर मिळत नाही, ही असते.

पदवीनंतर हेलन केलर यांनी ग्रंथलेखन केले, गावोगावी व्याख्याने दिली आणि १९२४ पासून अमेरिकेतील अंधांच्या राष्ट्रीय प्रतिष्ठानाच्या कार्यास स्वतःला वाहून घेतले. त्या काळी इंग्रजी भाषेत अंधांसाठी अनेक परस्परविरोधी लिप्या प्रचलित होत्या. एक शिकलेल्यास दुसरी वाचता येत नसे; हेलन यांनाही परीक्षेच्या वेळी याचा त्रास झाला होता. फ्रान्समधील लुई ब्रेल या अंध शिक्षकाने सहा बिंदूंची जी लिपी सिद्ध केली, तिच्या आधारे एकच पद्धती असावी, असा त्यांचा आग्रह होता. १९३२ साली इंग्रजी बोलणाऱ्या देशांत तशी एकवाक्यता झाली.

परंतु लिपी कितीही उत्तम असली, तरी सर्वांस ती साधत नाही. उतारवयात ज्यांची दृष्टी जाते, किंवा कष्टाच्या कामाने ज्यांची बोटे राठ झालेली असतात, त्यांना ते बारीक बिंदू ओळखणे कठीण जाते. त्यांच्यासाठी बोलक्या पुस्तकांची कल्पना पुढे आली. प्रतिष्ठानाचे चालक रॉबर्ट अर्विन हे स्वतः अंध होते. त्यांच्या प्रयत्नाने सावकाश फिरणाऱ्या ग्रामोफोनच्या तबकड्या तयार झाल्या. साधी तबकडी मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेई व चार-पाच मिनिटांत संपे; नवी तबकडी सुमारे तेहतीस फेरे घेई आणि तिच्या एका बाजूवर जवळजवळ पाव तासाचे वाचन मावे. १९३४ साली अमेरिकन काँग्रेसच्या ग्रंथालयामार्फत अशी पुस्तके अंधांना मिळू लागली. पुढील वर्षी, म्हणजे १९३५ साली, ब्रिटनमध्येही ही सेवा सुरू झाली.

या कार्यासाठी द्रव्य मिळविण्यास साहाय्य करावे, असे हेलन केलर यांना विचारण्यात आले तेव्हा प्रथम त्यांनी नकार दिला, हे सांगितलेच पाहिजे. त्या वेळी अमेरिकेत भयंकर मंदी होती. लक्षावधी माणसे बेकार होऊन अन्नास महाग झाली होती. अशा समयी यंत्रांसाठी पैसा मागणे त्यांना अनुचित वाटले. बोलके पुस्तक ही तूर्त चैन आहे, असे त्यांचे मत पडले. पण योग्य गोष्ट उमगल्यावर पूर्वीचे मत धरून बसण्याचा हट्ट त्यांनी केला नाही. १९३५ साली त्यांनी हे कार्य आपले मानले आणि राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्यापर्यंत ते नेले. सरकारने बेकारांना काम देण्याची जी योजना चालविली होती, तिच्यातूनच ही यंत्रे तयार करण्यास पैसा मंजूर झाला. अशा प्रकारे ज्या बेकारांच्या चिंतेने त्यांनी आधी नकार दिला होता, त्यांच्यापैकीच काहींना या यंत्रांमुळे काम मिळाले, आणि ती यंत्रे अंधांच्या घरी विनामूल्य वापरावयास गेली.

येथे या चरित्राचा गाभा आहे. हेलन केलर पूर्णपणे बधिर होत्या. १९२४ साली रेडिओच्या ध्वनिपटलावर बोटे टेकून त्यांनी संगीताची कंपने अनुभवली होती. पण तबकडीवरील वाचन अशा रीतीने समजणे शक्य नव्हते. ज्या बोलक्या पुस्तकांसाठी त्यांनी आपली प्रतिष्ठा व शब्द वेचला, त्यांतील एक वाक्यही त्यांना कधी ऐकू येणार नव्हते. फळ इतरांना मिळणार आणि आपल्याला त्याचा अंशही मिळणार नाही, हे निश्चितपणे जाणून केलेले हे कर्म होते. आपण निष्काम कर्मावर प्रवचने ऐकतो, आणि लहानसे काम करून कौतुकाची वाट पाहतो. त्या स्त्रीने गीतेची परिभाषा उच्चारली नसेल. पण तिच्या कृतीत ती परिभाषा वाचता येते.

२० ऑक्टोबर १९३६ रोजी ॲन सलिव्हन यांचे देहावसान झाले. अखेरच्या काळात त्यांची दृष्टी जवळजवळ पूर्णपणे गेली होती. सुमारे एकोणपन्नास वर्षांची ती संगत संपली. पण हेलन यांनी कार्य सोडले नाही. पॉली टॉमसन या सहकारिणीसह त्या देशोदेशी फिरल्या. दुसऱ्या महायुद्धात डोळे व अवयव गमावलेल्या सैनिकांना त्यांनी रुग्णालयांत जाऊन धीर दिला. १९५५ साली, वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षात, त्या भारतातही आल्या आणि दिल्लीत पंडित नेहरूंना भेटल्या. १९६१ साली त्यांना पक्षाघात झाला, आणि १ जून १९६८ रोजी, अठ्ठ्याऐंशी वर्षे पुरी होण्यास थोडे दिवस असताना, त्यांनी शांतपणे देह ठेवला.

बोलक्या पुस्तकांचे कार्य पुढे ज्या वळणाने गेले, तेही गृहस्थाश्रमी वाचकांनी जाणून घेण्यासारखे आहे. आरंभीच्या तबकड्यांवर कथा, धर्मग्रंथ, काव्य असे सर्वसामान्य वाचन असे. महायुद्धानंतर अंध झालेल्या सैनिकांना महाविद्यालयात शिकावयाचे होते. त्यांना गणित, विज्ञान व कायदा यांची पाठ्यपुस्तके पाहिजे होती, आणि ती कोणी वाचून ठेवलेली नव्हती. १९४८ साली न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाशी संबंधित ॲन मॅक्डोनाल्ड या बाईंनी आपल्या मैत्रिणींना व परिचितांना एकत्र केले, आणि ग्रंथालयाच्या एका शाखेच्या माळ्यावर बसून ही मंडळी लहान तबकड्यांवर पुस्तके वाचू लागली. वेतन नाही, नाव नाही. १९५१ साली या उद्योगास संस्थेचे रूप आले आणि लवकरच इतर शहरांतही अशी केंद्रे निघाली. गणिताचे पुस्तक गणित जाणणाऱ्याने, रसायनाचे रसायन जाणणाऱ्याने वाचावे, आणि एक वाचीत असता दुसऱ्याने ग्रंथ समोर धरून चुका पाहाव्या, अशी शिस्त पडत गेली. वाचक शोधणे म्हणजे नुसता गोड गळा शोधणे नव्हे, हे त्यांना अनुभवाने कळले.

आपल्या देशात हा धर्म नवा नाही. विद्या येथे कानाने घेतली जात असे. म्हणून दृष्टिहीन माणूस विद्येच्या बाहेर राहिला नाही. मथुरेचे दंडी स्वामी विरजानंद हे बालपणीच अंध झाले होते. तरी व्याकरणाचे प्रकांड पंडित झाले आणि स्वामी दयानंदांचे गुरू ठरले. अमरावती जिल्ह्यातील श्रीगुलाबराव महाराज (१८८१–१९१५) यांची दृष्टी शैशवातच गेली होती. ते इतरांकडून ग्रंथ वाचवून घेत आणि स्वतःचे विचार सांगून लिहवून घेत. अवघ्या चौतीस वर्षांच्या आयुष्यात त्यांनी शंभरावर ग्रंथ रचले. त्यांच्यापुढे बसून पोथी वाचणारे, आणि त्यांचे बोल टिपून घेणारे जे कोणी होते, त्यांचा त्या ग्रंथसंपदेत वाटा नाही असे कोण म्हणेल?

आज साधने पुष्कळ सोपी झाली आहेत. तबकडी गेली, ध्वनिफीत गेली. खिशातल्या मोबाईलवर वाचन नोंदविता येते. यंत्रही आता छापील मजकूर वाचून दाखविते. तथापि श्लोकाचा पदच्छेद, जुन्या पोथीतील पाठ, कोष्टक व आकृती यांचे विवेचन यांसाठी समजून वाचणारा माणूस अजून लागतोच. मुंबईत १९५२ साली स्थापन झालेल्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड या संस्थेप्रमाणे अनेक संस्था हे कार्य करीत आल्या आहेत. २०१२ सालच्या दुरुस्तीने आपल्या स्वामित्वहक्काच्या कायद्यात दृष्टिहीनांसाठी ग्रंथ सुगम रूपात आणण्यास सवलत मिळाली. याच हेतूने मराकेश येथे २०१३ साली आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि त्यास अंतिम मान्यता देणारे पहिले राष्ट्र भारत ठरले. २०१६ साली सुगम्य पुस्तकालय ही ग्रंथसेवाही सुरू झाली. मार्ग मोकळा आहे. त्यावर चालणारी माणसे हवी आहेत.

गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी वाणीचे तप सांगितले आहे. जे बोलणे कोणास उद्वेग देत नाही, जे सत्य, प्रिय व हितकर असते, आणि ज्यात स्वाध्यायाचा अभ्यास आहे, ते वाङ्मय तप होय. त्याच अध्यायात, ज्याच्याकडून परतफेड संभवत नाही अशा पात्र व्यक्तीला, देणे हे कर्तव्यच आहे या बुद्धीने, योग्य देशी व योग्य काळी दिलेले दान सात्त्विक म्हटले आहे. ज्याचे मुख आपण कधी पाहणार नाही, अशा एका अंध विद्यार्थ्यासाठी पुस्तक वाचून ठेवणे, यात ही दोन्ही लक्षणे एकत्र येतात.

यास्तव वाचकांनी आपापल्या गावी वा जवळच्या शहरी अंधशाळेत किंवा अंधांच्या ग्रंथालयात जाऊन, कोणते पुस्तक हवे आहे, हे प्रथम विचारावे. आपल्याला आवडते ते नव्हे, त्यांना हवे ते वाचावे. अक्षर स्पष्ट असावे, नाट्य नसावे; पृष्ठांक, टीपा, आकृती काहीही गाळू नये; आणि संजयाप्रमाणे स्वतःचे मत मध्ये घालू नये. घेतलेले पुस्तक शेवटपर्यंत न्यावे. कारण अर्धवट वाचलेले पुस्तक परीक्षेला बसणाऱ्यास उपयोगी पडत नाही. ज्यांना वाचन जमत नसेल त्यांनी परीक्षेत लेखनिक व्हावे. घरातील वृद्धांची दृष्टी मंद झाली असेल, तर हे व्रत घरापासूनच सुरू करावे; त्यांच्याजवळ बसून रोज एक अध्याय मोठ्याने वाचावा.

दृष्टी ही भगवंताची ठेव आहे. ज्याच्याकडे ती आहे, त्याने दिवसाचा अर्धा तास तिच्यातून इतरांचा वाटा काढून ठेवावा. श्रीहरी सर्वांना तशी बुद्धी देवो.